तांब्या, नारळ आणि रेखाटनाच्या अनेक रीती : कलाविद्यार्थ्यांसाठी सरावाचा आराखडा

एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन मुलं कला महाविद्यालयात येतात तेव्हा त्यांचा हात बऱ्यापैकी तयार असतो. वस्तुचित्र जमतं, स्मरणचित्र जमतं, शेडिंग स्वच्छ असतं. मग पहिल्याच टर्ममध्ये कोणीतरी सांगतं, "आता जरा प्रयोग कर." प्रयोग म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मग कोळसा, शाई, मेण, चहाचं पाणी, फाडलेला कागद असं सगळं एकाच पानावर येतं. पान भरतं, पण यातून तू काय शिकलास असं विचारलं तर उत्तर सापडत नाही.

माझ्या मते प्रयोग म्हणजे एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या आहे तशा ठेवायच्या. वस्तू तीच, उजेड तोच, कागदाचा आकार तोच, बदललं फक्त माध्यम. किंवा माध्यम तेच आणि बदलली फक्त बघण्याची रीत. असं केलं तरच कोळशाने काय दिलं आणि बोरूने, म्हणजे काडी कापून केलेल्या लेखणीने, काय दिलं, हे दोन पानं शेजारी ठेवून दाखवता येतं. पारंपरिक रेखाटन आणि प्रायोगिक रेखाटन यांच्यात भांडण लावायचं कारण नाही. मोजमाप आलं नसेल तर मोडायला हाताशी काही नसतं, आणि नुसतं मोजमापच करत राहिलं तर हात ठराविक सवयींच्या बाहेर जात नाही. पुढचा सगळा सराव एकाच मांडणीवर आहे, आणि तो मुद्दाम तसा आहे.

मांडणी आणि साहित्य

एक पितळी तांब्या घ्या आणि सोललेला, पण शेंडी ठेवलेला एक नारळ. खाली पांढरा पंचा, दोन-तीन ठळक चुण्या पडतील असा. तांब्या गुळगुळीत, चकचकीत, नेमक्या गोलाईचा. नारळ खरखरीत, केसाळ, जवळजवळ प्रकाश पिऊन टाकणारा. दोघांचे गुण इतके विरुद्ध आहेत की कुठलंही माध्यम यातल्या एकाला सहज पकडतं आणि दुसऱ्यापाशी अडतं. तो अडण्याचा क्षणच आपल्याला हवा आहे.

उजेड एकाच बाजूने यायला हवा. खिडकी चालेल, टेबललॅम्प त्याहून बरा, कारण तो संध्याकाळीही तिथेच असतो. खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ती चालू असली की सावल्यांच्या कडा विरघळतात आणि तांब्याचं पोट सपाट दिसायला लागतं. वस्तूंच्या तळाभोवती टेबलावर खडूने खुणा करा, तशाच खुर्चीच्या पायांभोवतीही. दुसऱ्या दिवशी बसलात की डोळ्याची उंची तीच हवी.

कागद म्हणून १५० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, पुरेसा आहे. २२ × ३० इंचांचा पूर्ण इम्पीरियल आणून त्याचे चार भाग केले की ११ × १५ इंचांची क्वार्टर इम्पीरियल पानं मिळतात. शाई आणि पाण्याच्या कामासाठी याहून जाड कागद घ्या, नाहीतर पान फुगतं आणि वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा थर, डबक्यांत साचतो. पेन्सिली एचबी, २बी आणि ६बी एवढ्याच. चोवीस पेन्सिलींच्या डब्याने काहीही साधत नाही. याशिवाय पुट्टी रबर (हवा तसा दाबून आकार देता येणारा मऊ खोडरबर), काळी शाई, पांढरी मेणबत्ती, जुने सुती कपडे आणि रद्दी. बाकीचं घरात सापडतं.

आधी मोजायला शिका

हे प्रकरण कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून घाईत उरकलं जातं. तसं करू नका.

हात कोपरातून ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिल उभी धरा. पेन्सिलीचं टोक तांब्याच्या तोंडाशी आणि अंगठ्याचं नख तळाशी. ही झाली उंची. आता तेच माप आडवं फिरवून पोटाच्या रुंदीवर ठेवा. रुंदी उंचीच्या किती पट आहे? गळा पोटाच्या निम्मा आहे की कमी? कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी हात पूर्ण ताठ. उभ्या रेषेसाठी दोऱ्याला जड किल्ली बांधून ओळंबा करा. तो डोळ्यासमोर धरला की नारळाची शेंडी तांब्याच्या काठाच्या आत आहे की बाहेर, हे लगेच कळतं.

खरी परीक्षा लंबवर्तुळांची असते. तांब्याचं तोंड तुमच्या डोळ्याच्या पातळीला जवळ आहे, म्हणून ते चपटं दिसतं. तळ खाली आहे, म्हणून त्याचं लंबवर्तुळ जास्त उघडं असतं. बहुतेक विद्यार्थी नेमकं उलटं काढतात: तोंड गोल आणि तळ सरळ रेषेत, कारण तांब्या सपाट टेबलावर ठेवला आहे हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसणारं काढायचं, हीच सवय इथे लावून घ्यायची आहे. आधी उभा अक्ष काढा. मग मागची न दिसणारी बाजूही धरून पूर्ण लंबवर्तुळ काढा, खांद्यातून हात फिरवत. मनगटातून काढलं की दोन्ही टोकं अणकुचीदार होतात.

यानंतर एक पान फक्त रिकाम्या जागांचं. तांब्या आणि नारळ यांच्यामध्ये हवेचा जो तुकडा दिसतो त्याला एक आकार आहे. तेवढाच काढा. मग तांब्याच्या डावीकडचा, मग शेंडीच्या वरचा. वस्तूंना हातही न लावता वस्तू पानावर उमटतात, आणि बहुतेकदा थेट काढलेल्या चित्रापेक्षा प्रमाणात जास्त अचूक असतात.

शेवटी एकाच रेषेचं चित्र. शेडिंग नाही, फक्त बाह्यरेषा, पण तिची जाडी बदलती: सावलीकडे दाबून, उजेडाकडे हात हलका. रेषेतून गोलाई कशी येते हे बघायचं असेल तर अजिंठ्याइतका चांगला गुरू आपल्याकडे दुसरा नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या अनेक पुढे लंडनच्या संग्रहालयातल्या आगीत जळाल्या. लेण्यांत जाणं झालं तर एखादा हात किंवा खांदा निवडा आणि ती रेषा कुठे जाड होते, कुठे सुटते, एवढंच टिपा. छपाईवरूनही हा अभ्यास होतो, फक्त मोठी आणि स्पष्ट प्रत घ्या.

हातावरचा ताबा सोडण्याचे सराव

आता पेन्सिल तीच, कागद तोच. बदलते फक्त बघण्याची रीत.

पहिला सराव पानाकडे न बघता रेषा काढण्याचा. एका जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पेन्सिल घाला, म्हणजे हात झाकला जातो आणि चोरून बघण्याचा मोह उरत नाही. नजर नारळाच्या शेंडीच्या एका केसावर ठेवा आणि नजर जितकी सरकेल तितकीच पेन्सिल सरकवा. दहा मिनिटं लागली पाहिजेत. पानावर जे येईल ते ओळखू येणार नाही, पण त्यातल्या सुट्या तुकड्यांत नारळाच्या धाग्यांचं असं निरीक्षण असतं जे तुम्ही आधी कधी केलेलं नसतं.

दुसरा, वेगाचा. तीस सेकंदांत संपूर्ण मांडणी. अशी पंधरा-वीस चित्रं रद्दी कागदावर करा. हाच सराव नंतर एसटी स्टँडवर, रेल्वे स्थानकात, आठवडी बाजारात न्या. तिथे बॉलपेन आणि खिशात मावणारी वही पुरते. बॉलपेन खोडता येत नाही, हाच त्याचा फायदा.

तिसरा, हात लांब करण्याचा. दोन-तीन फुटांच्या बांबूच्या काठीला कोळसा बांधा, मोठा कागद भिंतीला लावा आणि उभं राहून काढा. फ्रान्समधल्या व्हान्सच्या चॅपेलचं काम १९४८ ते १९५१ मध्ये चालू असताना वयस्कर चित्रकार मातिस असाच लांब काठीला कोळसा बांधून काढत असे. बोटांची हुशारी इथे चालत नाही. सगळी हालचाल खांद्यातून आणि कमरेतून येते, आणि बारकावे काढताच येत नसल्यामुळे मोठा आकार आधी पक्का करावा लागतो.

कोळसा, आणि तो घरी कसा करायचा

बाजारचा कोळसा चांगला असतो, पण एकदा तरी स्वतः करून बघा. आपल्याकडे कलमकारीचे कारागीर चिंचेच्या काड्या जाळून केलेल्या कोळशानेच कापडावर पहिलं रेखाटन करतात. चिंचेच्या सुकलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, सरळ काड्या घ्या. साल सोलून डब्याच्या उंचीएवढ्या कापा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात त्या दाटीवाटीने उभ्या भरा आणि झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा. डबा उघड्यावर, शेकोटीच्या निखाऱ्यांत ठेवा. सुरुवातीला भोकातून पांढरी दाट वाफ येते, मग पिवळसर धूर, कधी कधी भोकाशी छोटी ज्योतही पेटते. धूर पूर्ण थांबला की डबा चिमट्याने बाहेर काढा आणि भोक ओल्या मातीने बुजवा. डबा थंडगार होईपर्यंत उघडायचा नाही, कारण गरम काड्यांना हवा लागली की त्या तिथल्या तिथे पेटून राख होतात. नीट झालेली काडी हलकी असते, वाजवली तर काचेसारखा आवाज येतो आणि कागदावर न खरवडता उतरते. मधे तपकिरी राहिली असेल तर ती कच्ची.

आता उलटं रेखाटन. कोळसा आडवा धरून पूर्ण पान काळं करा, सुती फडक्याने पुसून एकसारखा मध्यम राखाडी टोन आणा. इथून पुढे पेन्सिलीचं काम पुट्टी रबर करतं. त्याला चिमटीत दाबून टोक काढा आणि सगळ्यात उजळ जागा उचला. तांब्याच्या पोटावरची चमक नीट बघा: खिडकीसमोर मांडणी असेल तर तो नुसता पांढरा ठिपका नसतो, पूर्ण खिडकी तिथे वाकून बसलेली असते, गजांसकट. ते गज पोटाच्या गोलाईबरोबर वळतात. ती वळलेली खिडकी उचलली की पितळ आपोआप पितळ दिसतं. मग पंचाच्या चुण्यांवरचा उजेड, आणि सगळ्यात शेवटी कोळसा दाबून नारळाच्या शेंडीच्या मुळाशी असलेला काळोख आणि तांब्याखालची गडद सावली. नारळ इथे फार सोपा जातो, तांब्या कष्टाचा. पेन्सिलीत बरोबर उलटं झालं होतं. हे निरीक्षण पानामागे लिहून ठेवा.

कोळशाची पूड फुंकू नका. बोर्ड उभा करून मागून टिचकी मारा. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, गच्चीवर किंवा उघड्या खिडकीत, नाकाला रुमाल बांधून, फूटभर अंतरावरून आणि दोन-तीन हलक्या थरांत मारा. एकच दाट थर दिला तर टोन काळवंडतो.

बोरू आणि शाई

मोडी लिहिणाऱ्यांचा बोरू आज सुलेखनाच्या वर्गात भेटतो, पण रेखाटनासाठी तो क्वचितच उचलला जातो, याचं मला वाईट वाटतं. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल्स इथे तिकडच्याच बोरूने शेतं, झाडं, गवत काढलं. ठिपका, तुटक रेषा, आखूड फटकारा एवढ्यावर त्याने अख्खा परिसर उभा केला.

बोरू कापताना वाळलेली, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या. धारदार चाकूने इंचभर लांब तिरपा काप द्या, आतला मऊ गाभा खरवडून काढा, दोन्ही कडा निमुळत्या करा, टोकाच्या मधोमध ब्लेडने सेंटिमीटरभर चीर द्या आणि शेवटी टोक लाकडी फळीवर ठेवून एका दाबात छाटा. चाकू नेहमी अंगापासून दूर चालवा. सुलेखनाला रुंद टोक लागतं, रेखाटनाला दोन मिलिमीटरच्या आतलं. बोरू मिळालाच नाही तर खराट्याचा हीर घ्या. नारळ काढायला नारळाच्याच झावळीचा हीर फार छान चालतो, त्याची रेषा मुळातच धाग्यासारखी थरथरते.

बोरूत शाई फार वेळ टिकत नाही. बुडवल्यावर पहिली रेषा ओली आणि काळी, मग ती फिकी होत जाते आणि शेवटी कोरडी, फाटलेली. विद्यार्थी लगेच परत दौतीत बुडवतात. तसं न करता ती कोरडी रेषा वापरा. ओली रेषा तांब्याच्या सावलीच्या कडेला, कोरडी नारळाच्या अंगावर. एका बुडवणीत दोन पोत मिळतात.

शाईच्या दोन जाती वेगळ्या ठेवा. वॉटरप्रूफ काळी शाई वाळली की पाण्याने हलत नाही, त्यामुळे तिच्या रेषेवर वॉश देता येतो. ती फाउंटन पेनात कधीही भरू नका, आत वाळून पेन कायमचं बंद पडतं. साधी फाउंटन पेनची शाई मात्र ओला ब्रश फिरवताच पसरते, काळ्यातून निळसर-जांभळट छटाही निघतात. ती उन्हात उडते, म्हणून भिंतीवर लावायच्या कामाला नको, शिकायला उत्तम. तीन वाट्यांत शाईचे तीन टोन करून घ्या, वेगळ्या कागदावर तपासा, फिक्याकडून गडदकडे जा. चमकीची जागा कोरी सोडा. पांढरा रंग नंतर लावून ती चमक परत येत नाही.

मेण, घासाई आणि मोनोटाइप

पांढऱ्या मेणबत्तीने पानावर आधी चमकीच्या जागा आणि शेंडीचे केस काढा, वर पातळ शाईचा वॉश द्या. मेण असेल तिथे शाई धरत नाही. कागदावर मेण दिसत नसल्याने पान तिरपं धरून उजेडात बघत काढावं लागतं.

घासाईची पद्धत चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फरशीच्या रेषांवर कागद ठेवून सुरू केली. पातळ कागद गोणपाट, चटई, किसणी, बांबूची रोवळी किंवा झाडाच्या सालीवर ठेवा आणि ६बी आडवी धरून घासा. असे आठ-दहा पोत जमले की त्यांतला कोणता पोत कोणत्या टोनचं काम करेल ते ठरवा. नारळाला गोणपाट, सावलीला चटई असं. पोत वस्तूच्या आकाराबरोबर वळला पाहिजे, नाहीतर ती नुसती सजावट होते.

रेषेचा मोनोटाइप, म्हणजे रंग लावलेल्या काचेवरून कागदावर घेतलेला रेषेचा छाप, हा माझा या सगळ्यांतला आवडता प्रकार. चित्रकार पाउल क्लेने १९१९ नंतर ऑइल ट्रान्सफरची, म्हणजे तैलरंग असा उतरवून घेतलेली, अशी बरीच रेखाटनं केली आणि त्यांवर जलरंग दिले. काच किंवा अॅक्रिलिकची शीट घ्या, काचेच्या कडांना टेप लावा. त्यावर काळी छपाईची शाई किंवा तैलरंग रोलरने अगदी पातळ पसरा. एकदा वर्तमानपत्राचा कागद ठेवून उचला, म्हणजे जास्तीचा रंग निघून जातो. ही पायरी चुकवली की पूर्ण पान काळं होतं. मग पातळ कागद अलगद ठेवा आणि त्याच्या पाठीवर बॉलपेनने काढा. तळवा कागदावर टेकवायचा नाही. दोन पुस्तकांवर फूटपट्टी आडवी ठेवून हात तिच्यावर टेकवा. कागद उचलला की खाली एक मऊ, केसाळ कडांची रेषा मिळते, जी कुठल्याही पेनातून निघत नाही. चित्र डावं-उजवं उलटं येतं, उजेडाची बाजूही बदलते, हे आधीच धरून चाला. काचेवर उरलेल्या रंगावर नवा कागद दाबला तर तेच चित्र पांढऱ्या रेषांत निघतं. काच आधी गोडेतेलाने आणि मग साबणाने पुसा, टर्पेंटाइनची गरज पडत नाही.

वारलीकडून काय घ्यायचं

वारली चित्रं बघून तारपा नाचाची नक्कल करणं सोपं आहे, पण त्यातून रेखाटन शिकता येत नाही. शिकण्यासारखी आहे ती शिस्त. गेरू किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी आणि त्रिकोण, वर्तुळ, रेषा एवढेच आकार. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड होतं, आणि त्रिकोणांच्या कलण्यावरून माणूस चालतोय, नाचतोय की ओझं वाहतोय हे कळतं. लग्नाच्या घरात सवाशिणी पालघाट देवीचा चौक काढतात. तो त्यांच्या विधीचा भाग आहे, तो उचलून सबमिशनमध्ये सजावट म्हणून वापरू नये. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर चित्रं काढली. त्यांच्या कामात जाळ्याचे हजारो धागे किंवा मुंग्यांची रांग केवळ बारीक रेषांनी पूर्ण जागा हलती ठेवते.

तुमचा सराव असा: तपकिरी कागद, तांदळाचं पीठ आणि थोडं डिंकाचं पाणी, बांबूची काडी. तांब्या आणि नारळ फक्त वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषेतून काढा. टोन नाही, खोली नाही. काय सोडल्यावरही तांब्या तांब्याच राहतो आणि कोणती एक रेषा काढली की तो दुसरंच भांडं होतो, हे शोधा. पानामागे तुम्ही कोणत्या परंपरेकडून शिकलात ते स्पष्ट लिहा.

नोंदी, पावसाळा आणि पुढची मालिका

प्रत्येक पानामागे तारीख, लागलेला वेळ, कागद, माध्यम आणि या वेळी बदललेली एक गोष्ट लिहा. "छान झालं" असं लिहू नका, काय सोपं गेलं आणि कुठे अडलं ते लिहा. मूल्यमापनाच्या वेळी शिक्षक हेच विचारतात, आणि तुम्हालाही सहा महिन्यांनी हेच लागणार असतं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद दमट होतो. त्यावर कोळसा धरत नाही, शाईची रेषा फाटते, तैलरंगाचे मोनोटाइप आठवडाभर ओले राहतात. त्या दिवसांत पेन्सिल, मेण, घासाई हाताशी घ्या आणि शाईची कामं हिवाळ्यासाठी ठेवा. कोरे कागद प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह गुंडाळून ठेवा. झालेल्या कामांच्या मधे बटरपेपर घाला आणि फोल्डर आडवा ठेवा, भिंतीला टेकवून नको, बुरशी तिथून लागते.

सगळी पानं झाली की ती जमिनीवर पसरा आणि उभं राहून बघा. सर्वांत देखणी नको, ज्यांत काहीतरी अर्धवट राहिलं आहे अशी तीन पानं उचला. समजा बोरूच्या कोरड्या रेषेचं एक पान, खिडकी उचललेलं कोळशाचं एक आणि पांढऱ्या रेषांचं मोनोटाइप एक. आता पहिल्यांदाच दोन माध्यमं एकत्र आणा, पण एकत्र आणण्याचं कारण त्या पानांमागच्या नोंदींत सापडलं पाहिजे: बोरूला चमक जमली नाही, रबराला धागे जमले नाहीत, तर शाईच्या रेषेवर कोळसा पसरून त्यातून उजेड उचलता येतो का? आधी शाई वॉटरप्रूफ घ्या, पूर्ण वाळू द्या, मग कोळसा. उलट्या क्रमाने केलं तर कोळशाच्या पुडीवर शाई धरत नाही. तांब्या त्याच खुणेवर ठेवा, दिवा त्याच जागी, आणि क्वार्टर इम्पीरियलऐवजी या वेळी अर्धा इम्पीरियल कागद बोर्डाला लावा.